आतल्या खोलीपर्यंतची वायर

आमच्या बदनापूरच्या घरात फोन दोन होते आणि दोन्ही बाहेरच्या खोलीत. एक जुना, टेलिफोन ऑफिसचा. दुसरा नवऱ्यानं अमेरिकेहून पाठवलेल्या डबीवर चालणारा. ब्रॉडबँड तेव्हा नवं नवं आलं होतं, दोन हजार सहा-सातच्या आसपासची गोष्ट. ही डबी निळ्या वायरनं मोडेमला जोडायची, डबीच्या मागच्या भोकात साधा टेलिफोन लावायचा, की झालं. नंबर अमेरिकेतला आणि घंटी बदनापुरात. कितीही बोला, खर्चा काही नाही. गल्लीतले लोक बघायला यायचे. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, डबीखाली क्रोशाचा रुमाल अंथरला होता आणि लाइट गेली की ते वरून दुसरा रुमाल पांघरायचे. कशाला, ते मला आजवर कळलेलं नाही.

कितीही बोला म्हणे! बोलणार कुठं? घर तीन खोल्यांचं, एकामागं एक. बाहेरच्या खोलीत मामांची बाज. शाळेतून रिटायर झाल्यापासून ते बाजेवरून फक्त आंघोळीला आणि जेवायला उठायचे. झोपायचेही तिथंच. सासूबाई पायथ्याशी निवडणं-टिपणं घेऊन बसलेल्या. फोन बाजेच्या उशाशी. रविवारी सकाळी आठला घंटी वाजली की आधी मामा बोलणार, मंग सासूबाई, आणि सगळ्यात शेवटी "घे सूनबाई, बोल" म्हणून रिसीव्हर माझ्या हातात. दोघं तिथंच. मी पदर सावरत उभी राहायची आणि विचारायची, जेवलात का. लग्नाला दोन वर्षं झाली होती, त्यातले सगळे मिळून तीन-साडेतीन महिने आम्ही एकत्र राहिलो असू. बाकीचा संसार ह्या 'जेवलात का' वरच चालला होता.

तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायची. इथं लिहिताना करणार नाही, इतकी सूट मला पाहिजे.

तो दिवाळीला आला, सुट्टी संपवून गेला, आणि मला दिवस गेले. त्याला ते सासूबाईंनीच फोनवर सांगितलं, मी शेजारी भिंतीला टेकून उभी. आणि चौथा महिना सरता सरता, महाशिवरात्र होऊन गेल्यावर, एका दुपारी सगळं संपलं. जालन्याच्या दवाखान्यात दोन रात्री काढल्या. माझी आई मंठ्याहून एसटीनं आली, दोन दिवस राहिली, जाताना माझे केस विंचरून गेली.

आई गेली त्या संध्याकाळी मामांनी ठरवून टाकलं. "त्याला सांगायचं न्हाई. तिकडं एकटा हाय, त्याच्या व्हिसाच्या कागदाचं काम चालू हाय, डोकं बिघडलं तर नोकरीत चुकी करंल. बिलकुल न्हाई सांगायचं." आमच्याकडं ही रीतच आहे. लांब राहणाऱ्याला वाईट बातमी द्यायची नसते, मंग ती त्याच्या स्वतःच्या घरातली का असेना. गावाकडं किती जणांना आजी गेल्याचं वर्षश्राद्धाला कळलंय! माझ्या अंगात ताकदच नव्हती भांडायची.

पुढच्या रविवारी तो म्हणाला, "तब्येत कशी?" मामा बाजेवरून बघत होते. मी म्हटलं, "बरी हाय." त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा तेच. पोट काही फोनवर दिसत नाही, त्यामुळं खोटं चालून जायचं. पण किती दिवस? मे महिन्यात सातवा लागला असता. तेव्हा काय, डोहाळेजेवणाचंही खोटं सांगणार होते का हे लोक?

मला त्याला सांगायचं होतं. माझ्या तोंडानं आणि एकटीनं. दवाखान्यात काय झालं, मी काय पाहिलं, नर्स काय म्हणाली, सगळं. आणि खरं सांगू? मला त्याला रडताना ऐकायचं होतं. त्या घरात कोणी रडलंच नव्हतं. मामा म्हणाले, देवाची मर्जी. सासूबाई म्हणाल्या, "होतंय बाई असं, तुझं वय काय गेलं न्हाई." मी रडायला लागले की त्या लगेच म्हणायच्या, "ओल्या अंगानं रडू नये, डोळे जातेत." मंग मी मोरीत जाऊन तोंड धुवायची. ज्याचं लेकरू होतं तो तरी माझ्यासोबत रडेल, एवढी एकच आशा मला उरली होती.

तुम्ही म्हणाल, बूथवर जायचं की. बूथ होता स्टेशनच्या रोडला, पण बूथवाला मामांचा जुना विद्यार्थी. मी नंबर फिरवायच्या आत मामांना कळलं असतं. मोबाइल घरात एकच, तो मामांच्या खिशात. आणि पत्र टाकलं असतं तरी त्याचा जवाब बाहेरच्या खोलीतल्या फोनवरच आला असता.

रामनवमीला मामा आणि सासूबाई शेजारच्यांच्या जीपनं जांब समर्थला दर्शनाला निघाले. मला अजून जीपचे धक्के नकोत म्हणून घरीच ठेवलं. दहाला जीप गेली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा बाहेरची खोली रिकामी झाली. मी पळत जाऊन डबीचा फोन उचलला. तिकडं मध्यरात्र उलटून गेलेली. तीनदा लावला, तिन्ही वेळा नुसता वाजत राहिला. चारला ही मंडळी परत येणार होती, तोवर काही तिकडं उजाडत नव्हतं. मी बाजेवर बसून राहिले आणि मला असा राग आला, असा राग आला, की कोणावर ते सांगता येईना.

त्या रागातच मला सुचलं. आमच्या आतल्या खोलीत जुन्या फोनची पॅरलल जोडणी होती. नवरा कॉलेजात असताना मामांनी ती घेतलेली, पुढं तिचा फोन बिघडला आणि फेकला गेला, पण भिंतीतली वायर तशीच होती. बीएस्सीला फिजिक्स होतं माझं, तेवढीच काय ती मस्ती. म्हटलं, डबीतून निघणारी वायर बाहेरच्या खोलीतल्या भिंतीतल्या तारेला जोडली तर तोच फोन आतही लागेल. मंग सकाळी सहाला, दार लावून, माझ्या पलंगावर बसून बोलता येईल. माळ्यावर एक जुना टेलिफोन सापडला, तो आत लावला. भाजी चिरायच्या सुरीनं वायरीचं कातडं सोललं, तांबं तांब्याला पिळलं.

आत जाऊन कानाला लावला तर नुसती घरघर. मी बाहेर येतेय तोवर जुन्या फोनची घंटी वाजली, कोणाचा तरी फोन आला होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत डबीवरचा फोनचा दिवा एकदा फडफडला आणि गेला. मोडेमचा दिवाही लुकलुकायला लागला. मी घाबरून सगळं ओढून काढलं, होतं तसं करून ठेवलं, रुमालसुद्धा सारखा केला. मोडेम थोड्या वेळानं ताळ्यावर आला. जुना फोनही ठीक होता. डबीचा दिवा मात्र लागला नाही.

जीप आली. सासूबाईंनी हातावर सुंठवडा ठेवला. मी तो खाल्ला आणि चहा टाकायला आत गेले.

रविवारी आठ वाजून गेले, साडेआठ झाले. मामा तीनदा उठून डबीजवळ गेले. शेवटी जुना फोन वाजला. नवरा पैशाच्या कॉलिंग कार्डावरून बोलत होता. "डबीचा फोन लागत नाहीये, काय झालं?" मामा म्हणाले, "आम्ही तर काही केलं न्हाई बुवा," आणि दिव्यांवरची इंग्रजी नावं वाचायची म्हणून रिसीव्हर माझ्याकडं आला.

तिथून पुढं तीन आठवडे तो दर दोन-तीन दिवसांनी जुन्या फोनवर यायचा आणि मी रिसीव्हर मानेत धरून टेबलाखाली बसायची. "दिवे सांग." मी सांगायची. "आता मोडेम बंद कर. डबी बंद कर. साठपर्यंत मोज." मी मोजायची, तोही तिकडं मोजायचा. "आता आधी मोडेम. चारही दिवे लागू दे. घाई नको. लागले? आता डबी." एक दिवा लागायचा, दुसरा लागायचा, तिसरा नाही. "टेलिफोन बदलून बघ." बदलला. "निळी वायर दुसऱ्या भोकात घाल." घातली. मामा चष्मा लावून वाकून उभे. "जरा बराबर बघ सूनबाई, त्याला पुन्हा पुन्हा इचारावं लागून राह्यलं." अर्ध्यातच लोडशेडिंगची वेळ व्हायची, सगळं बंद पडायचं, मंग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचं.

एकदा त्यानं टाचणीनं मागचं बारीक भोक दाबायला सांगितलं. त्याला म्हणायचं होतं डबीचं, मी दाबलं मोडेमचं. मोडेम सगळं विसरून गेला, नाव, पासवर्ड, सगळं, आणि होतं तेही नेट बंद पडलं. मामा म्हणाले, "झालं! शिकलेल्या सुनेनं दिवे लावले." सासूबाईंना हसू आवरेना. मलाही आलं, खरंच आलं. महिनाभरात पहिल्यांदा मी त्या खोलीत हसले.

आज विचार करते तर लग्न झाल्यापासून आम्ही नवरा-बायको इतकं कधी बोललोच नव्हतो. अर्धा-अर्धा तास. तो न चिडता सांगायचा, मी न कंटाळता करायची. चांगला शिकवायचा, अगदी हळू. एका दिवशी त्यानं विचारलं, "तू कशाला हात लावलास का गं मधी?" मामा पाठीशी. मी म्हटलं, "न्हाई." एक खोटं आधीचंच चालू होतं, त्यात हे दुसरं पडलं. टेबलाखाली धुळीत बसलेली मी, त्याचा आवाज कानात. दिवे सांगता सांगता मला वाटायचं, आत्ता सांगून टाकावं. मंग बाज करकरायची.

सासूबाईंनी शनिवारी मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि डबीवरून ओवाळून चुलीत टाकल्या. "गल्लीतल्या बाया येऊन येऊन बघत होत्या, नजर लागली तिला." तडतड झाली. दवाखान्यातून मी घरी आले तेव्हा माझ्यावरून काही कोणी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या नव्हत्या. मला त्याचं इतकं लागलं की मी त्या दिवशी जेवले नाही. कोणाला कळलंही नाही.

मोडेम पुन्हा चालू करायला टेलिफोन ऑफिसातून लाइनमन आला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला रुमाल बांधलेला. मोडेमचं काम झाल्यावर त्यानं सवयीनं भिंतीतली पेटी उघडली आणि थांबला. तांब्याचे सोललेले तुकडे चकचकत होते. त्यानं माझ्याकडं बघितलं. मामांनी विचारलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही न्हाई गुरुजी, उंदरानं कुरतडलं." आणि चिकटपट्टी लावून पेटी बंद केली.

मामा हात धुवायला मागं गेले तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, दोन लाइनी एका जागी पिळायच्या नसत्यात. घंटी वाजली का आमच्या लाइनीतून मोठा करंट येतो. तो डबीत घुसला, तिचं ते भोक जळालं. दुसरं भोक हाय ना बाजूला? ते चांगलं आसंल." मंग टोपलीतनं साप काढावा तसं पिशवीतून एक वायरीचं भेंडोळं काढलं. "आत फोन पाहिजे असंल तर सरळ डबीतून न्या. भिंतीला हात लावू नका." कशाला पाहिजे, ते त्यानं विचारलं नाही. त्या माणसाचे उपकार मी विसरले नाही.

नवऱ्याला मी सांगितलं, पहिलं भोक गेलंय, नंबर दुसऱ्यावर घ्या. त्यानं तिकडच्या कंपनीला कळवलं आणि दोन दिवसांनी तिसरा दिवा लागला. मी रिसीव्हर उचलला. टोन आला, स्वच्छ. मामांनी टाळी वाजवली.

आत वायर न्यायची परवानगी मी कशी मिळवली? सरळ थाप मारली. म्हटलं, "मामा, कंपनीनं सांगितलंय, एक फोन मोडेमपासून लांब ठेवा, न्हाईतर भोक पुन्हा जळंल." मामांनी वाकून डबीकडं बघितलं. मंग म्हणाले, "कंपनी म्हणती म्हणल्यावर करावं लागंल." भिंतीच्या कडेनं खिळे ठोकत ती वायर त्यांनीच आतपर्यंत आणून दिली.

सोमवारी सकाळी सहाला मी दार लावलं, कडी घातली, पलंगावर बसले आणि नंबर फिरवला. तिकडं संध्याकाळ. त्यानं पहिल्याच घंटीला उचलला.

"मी बोलतेय."

"काय झालं? बाबा ठीक आहेत ना?"

"मामा ठीक हायेत. मला तुम्हाला काही सांगायचंय."

आणि मी सांगितलं. पाठ करून ठेवलेलं सगळं उलटसुलट निघालं. आधी दवाखाना, मंग दुपार, मंग पुन्हा दवाखाना. तोंडात पदर कोंबून कोंबून सांगितलं, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. लाइन इतकी साफ होती की तिकडं तो भांडी विसळत होता ते मला ऐकू येत होतं. मंग नळ बंद झाला.

"मला माहितीये," तो म्हणाला.

मला वाटलं, त्याला काहीतरी वेगळंच म्हणायचंय. "काय माहितीये?"

"हेच. आईनं सांगितल्तं मला. तुझी आई परत गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मंग विचारलं, "मंग दर रविवारी तब्येत कशी, तब्येत कशी, ते काय होतं?"

"बाबा बाजूला असायचे ना. विचारलं न्हाई तर त्यांना संशय आला असता. आई म्हणली, तुला बी काही बोलू नको, उगं जखमेवरची खपली काढू नको." त्यानं नळ पुन्हा सोडला. "आता झालं ते झालं. किती दिवस तेच घेऊन बसणार? तू खात-पीत जा."

आवाज कोरडा होता. वाईट नव्हता, प्रेमानंच बोलत होता तो. पण जी गोष्ट माझ्या तोंडून त्यानं पहिल्यांदा ऐकावी म्हणून मी दीड महिना जिवाचा आटापिटा केला, ती त्याच्यासाठी जुनी झाली होती. मला तेव्हा आठवलं की इतक्या रविवारांत त्यानं लेकराचं एकदाही विचारलं नव्हतं. मी समजत होते, आई-वडलांसमोर लाजतो. मी म्हटलं, "ठेवते," आणि ठेवला.

तोंड न धुताच मी कडी काढली. स्वयंपाकघरात सासूबाई दूध तापवत होत्या. मी दारात उभी राहिले. "आत्याबाई, तुम्ही त्यांना सांगितल्तं?"

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि गॅस बारीक केला. "कळलं का तुला?" त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत, दचकल्याही नाहीत. "मामांना बोलू नको बरं का. ते आंघोळीला गेल्ते तवा त्यांच्या मोबाइलवरून लावला मी. आईला राहवतंय व्हय?" मंग त्यांचे डोळे भरून आले आणि त्या मला जवळचं माणूस समजून सांगायला लागल्या. "लई रडला बाई तो. हुंदकाच थांबंना लेकराचा. मी बी रडले त्याच्यासंगं, सैपाकघरातला नळ सोडून, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. दोघाचं बी मन हलकं झालं बघ."

दूध वर आलं. त्यांनी फुंकर घातली, गॅस बंद केला आणि डोळे पुसून म्हणाल्या, "चहा टाक, मामा उठतील."

मी चहाचं भांडं घेतलं आणि पाणी मोजून घातलं. माझ्या लेकरासाठी ती दोघं पोटभर रडून घेऊन मोकळी झाली होती. मला त्यांनी बोलावलं नव्हतं.